फरक

सावद्यात केळीचा भाव एकटा येत नाही,
त्याच्या मागोमाग फरक येतो.
फळ्यावर मोठ्या अक्षरात भाव,
शेजारी तो लहान आकडा,
आणि माणसं आधी तोच वाचतात.

म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये
‘आवृत्त्यांमधला फरक पाहा’ असं बटण निघालं
तेव्हा संघाच्या ऑफिसात ते कोणालाच समजवावं लागलं नाही.
बाकी सगळं लागलं.

भंगाळे अप्पांना तर फारच.
फाइल कुठं गेली व बाई? म्हणाले.
ढगात, म्हटलं.
ढगात? मे महिन्यात?
अव माय, ढग आला का बाग झोपते,
माले कपाटाची किल्ली दे.

पेन ड्राइव्हमध्ये तेव्हा एकाच कराराच्या पंधरा फाइली:
अंतिम, अंतिम दोन, अंतिम रुबाबभाऊंनी पाहिलेला,
खरंच अंतिम,
आणि एकीचं नाव नुसतं ‘हा’.
अप्पा, म्हटलं, झाडाभोवती पिलं फुटतात,
तुम्ही किती राखता?
एक.
मग?
अप्पांनी चष्मा काढून पुसला.
संध्याकाळपर्यंत चौदा पिलं कापून झाली होती.

थेट खोडायचं नाही, सुचवायचं, हे मात्र त्यांना आवडलं.
लाल शाईच की, म्हणाले,
आणि आठवडाभर माझ्या प्रत्येक अनुस्वारावर
लाल सूचना पडत राहिल्या,
एकेक मान्य करताना कूलरचं पाणी संपायचं.

रात्री पडद्यावर आम्ही सगळे एकाच पानावर.
रावेरच्या यार्डातून रुबाब तडवींचा हिरवा कर्सर,
ट्रक भरता भरता फुटक्या काचेच्या मोबाइलवरून
एकेक अक्षर टाकणारा.
जळगावहून यामिनी वारकेंचा जांभळा,
तो फार बोलायचा नाही,
एखाद्या स्वल्पविरामाशी नुसता लुकलुकत उभा राहायचा
आणि मला घाम फुटायचा.

गुरुवारी त्यांचाच फोन.
कलम नऊ वाचा.
वाचलं मोठ्यानं:
‘वाटेत माल काळा पडल्यास नुकसानभरपाई
उत्पादकाकडून वसूल केली जाणार.’
पुढे ‘नाही’ होतं.
परवापर्यंत होतं.
दोनशे अठ्ठेचाळीस बागा त्या ‘नाही’च्या सावलीत उभ्या होत्या.

ऑफिस गप्प.
मग कोणीतरी म्हणालं, मोबाइलवरून करतात ना ते,
बोटं जाड, चुकून लागलं असेल.
मीही तेच धरून चालले.
टिप्पणीचा चौकोन उघडला, नाव टाकलं,
‘रुबाबभाऊ, कलम नऊला हात लावण्याआधी
निदान विचारायचं तरी’
आणि पूर्णविरामाआधी, का कोण जाणे,
फरक दाबला.

मंगळवार. रात्री अकरा बेचाळीस.
एक शब्द वगळला.
हेमांगी नेहेते.

मंगळवारी लाइट दोनदा गेली होती.
गच्चीवर, पोटावर लॅपटॉप ठेवून
मी दुहेरी जागा काढत होते, ओळी घट्ट करत होते.
एवढंच आठवतं.
‘नाही’ आठवत नाही.

जुनी आवृत्ती परत आणायला एक क्लिक लागतं.
ते केलं.
कलम नऊवर कुलूप घातलं, बदलायचं तर तिघांची संमती,
जे पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना शिकवलं होतं
आणि स्वतः ठेवून दिलं होतं.

दुपारी रुबाबभाऊ आले, अंगाला चिकाचे डाग,
सापडलं का कोण ते, म्हणाले.
मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
ओठ हलवत त्यांनी माझं नाव वाचलं,
तारीख वाचली, वेळ वाचली.
मग म्हणाले,
बटण चालतं मग.

अप्पांनी रजिस्टरात लाल शाईनं काहीतरी टिपलं,
मी विचारलं नाही.

ती अर्धी टिप्पणी मी पुसली.
पाठवलेली नव्हती,
म्हणून ती कुठल्याच आवृत्तीत सापडत नाही.
शोधून पाहिलं.