फळ्यावरची रेघ

आठवी ब. पाचवा तास.
फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ ओढली.
डावीकडे लिहिलं : आपल्या हातात.
उजवीकडे : आपल्या हाताबाहेर.
सांगा, आजार कशाकशानं जवळ येतात?

तंबाखू, बाई. दारू, बाई.
पुड्यांतलं तळलेलं. रात्री मोबाईल.
डावी बाजू भराभर भरली.
पोरांना ती पाठच असते,
तिथं चूक कुणाची ते लगेच कळतं.

आळस, म्हणाला प्रज्योत निरभवणे.
मी लिहिला, आणि लिहिताना
खुर्चीवरची माझी पर्स डोळ्यांपुढे आली,
तिच्यातली जेवणाआधीची गोळी,
आणि नाशिकची रविवारची मिसळ,
तर्री वाढवून, दोन पाव जास्तीचे, शेवटी जिलबी,
कारण पाहुण्यांना एकट्यानं कसं जेवू द्यायचं.

उजवीकडे खडू थांबून राहिला.
कुणी म्हणालं धूळ. कुणी, नशीब. ते मी लिहिलं नाही.
मग इरफान कोकणी खिडकीकडे बघत म्हणाला,
वास.

छाटणी होऊन अठरा दिवस झालेले.
शाळेच्या भिंतीला लागून द्राक्षबाग,
ओळींमधून ब्लोअर, त्याच्यामागं पांढरं धुकं.
खिडक्या आम्ही लावतो.
एकीला काच नाही, तिथं महाराष्ट्राचा जुना नकाशा ठोकलाय,
तो नेमका घाटात फाटलाय,
आणि वारा पश्चिमेचाच.

मी लिहिलं : फवारणी.

तेव्हा तुळजा भोये उठली.
सुरगाण्याकडची. घरचे हंगामाला येतात,
बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहतात,
काढणी झाली की माझ्या हजेरीपटावर
तिच्या नावापुढे नुसत्या फुल्या.

बाई, ब्लोअरवर माझा बाप आहे.
त्याला तोंडाला बांधायला दिलंय.
तो बांधत नाही, जीव गुदमरतो म्हणतो.
हे कुठल्या बाजूला लिहायचं?

मी उत्तर द्यायच्या आत तीच पुढं बोलली,
औषधाची कडू चव तोंडात राहते त्याच्या.
ती जावी म्हणून तो तंबाखू धरतो.
तंबाखू तर तुम्ही डावीकडे लिहिलाय.

पुस्तकात हा प्रश्न 'फरक स्पष्ट करा'मध्ये येतो,
चार गुणांना.
मी खडू तिच्या हातात दिला.

तिनं रेघ पुसली नाही.
फवारणीपासून तंबाखूपर्यंत एक बाण काढला,
रेघेवरून, वाकडा,
आणि हात फ्रॉकला पुसून जागेवर जाऊन बसली.

मग प्रज्योत आला. आळस पुसून टाकला.
भाऊ सातपूरला कंपनीत आहे, बाई,
रात्रपाळी करून दिवसा झोपतो,
सगळे त्याला आळशी म्हणतात.
मीपण म्हणायचो.
इरफाननं आईचा खोकला आणला,
खोकल्यामागून चूल,
चुलीमागून कोपऱ्यातलं रिकामं सिलिंडर.
घंटा झाली तेव्हा फळा
छाटणीआधीच्या बागेसारखा झाला होता,
कुठली काडी कुठून फुटली सांगता येईना.

शाळा सुटल्यावर मी तुळजाबरोबर बांधावर गेले.
तिच्या बापानं लांबूनच मला पाहिलं,
ब्लोअर बंद केला, टोपी काढली.
काय चुकलं पोरीचं, बाई?

काही नाही. ते तोंडाला बांधायचं दाखवा जरा.

त्यानं खिशातून काढलं.
घडी न मोडलेलं, कोरं, जाडजूड.
मी बांधून पाहिलं.
ऑक्टोबरचं ऊन, पाठीवर पदर चिकटलेला,
मनात आकडे मोजत उभी राहिले,
मग गाठ ओढून सोडली.

चाळीस, मी म्हणाले.

एकोणचाळीस, बाई,
तुळजा म्हणाली.