सातवी बरगडी

तळघरात मे महिना पोचत नाही.
वर जळगाव चव्वेचाळीसवर,
खाली मी स्वेटर घालून
लोटन हिलाल सोनवणे यांच्या उजव्या फुप्फुसात
माऊसने रेघ ओढत बसलेली.

गाठ एकोणीस मिलिमीटर. मोठ्या बोराएवढी.
लवकर सापडली,
हर्नियासाठी काढलेल्या एक्स-रेत, सहज.
हृदयाची झडप बघून भूलतज्ज्ञांनी मान हलवली,
म्हणून सुरीऐवजी किरण.
चारच बैठका.
चारच, म्हणून एकेक जबर.

अडचण अशी, की हे बोर फांदीला नाही,
श्वासाला लागलंय.
खाली सरकतं, वर येतं,
दहा चित्रांत दहा ठिकाणी.
दहाही जागा मी एका पिशवीत घातल्या,
पिशवीला पाच मिलिमीटरचं अस्तर लावलं.
संगणक म्हणाला, पास.
फक्त सातवी बरगडी
बोटभर लाल.

डॉ. पाटकरी म्हणाले, चालेल.
वर्षभराने दुखते कुणाकुणाची, क्वचित मोडते,
गाठ निसटण्यापेक्षा ते बरं.
बरोबरच आहे.
घरी भाकरी मोडताना
कडेचा करपलेला भाग मी उगाच बाजूला काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी एक झोत चौदा अंशांनी वळवला.
बरगडी निवली, यकृत तापलं.
परत फिरवला.
मग फाइल पहिल्या पानापासून वाचली,
जी मी कधीच वाचत नाही.
व्यवसाय : बँड.

पारोळ्याचा. एक्केचाळीस वर्षं क्लॅरिनेट.
म्हणजे हा माणूस छातीने श्वास घेतच नाही,
पोटाने घेतो, तळापासून,
आणि म्हणूनच गाठ इतकी लांब झोके खात होती.

बोलावलं. पोटावर पट्टा बांधला.
'बाबा, श्वास भरून थांबायचं.'
'कितला येळ?'
'वीस सेकंद जमेल?'
ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले.
'नवरदेव घोडावर चढस तवलोंग
एकच सूर धरेल शे मी, ताई.
आनि घोडा बी आडमुठा.'

तीनदा धरला. तीनदा स्कॅन.
तिन्ही वेळा गाठ त्याच जागी,
दीड मिलिमीटर इकडेतिकडे,
जशी कुणी सांगितल्यावर
हलायचं थांबून उभी राहिलेली पोर.

पिशवी गेली. अस्तर तेवढं राहिलं.
बरगडीवरचा लाल
नखाच्या कडेएवढा झाला.
गेला नाही. मी रविवारीही येऊन बसले,
तरी गेला नाही.

तिसऱ्या बैठकीला खोकला आला.
हिरवी रेघ घसरली, झोत आपोआप थांबला,
काचेपलीकडून आम्ही सगळेच थांबलो.
पडद्यावर ते एकटे,
हात डोक्यावर, मुठी दांड्यावर,
आणि बोटं हळूहळू हलतायत,
एक झाकलं, दोन उघडली, एक झाकलं.
कुठलं गाणं ते कळायला मार्ग नव्हता.
मग पोट वर आलं. रेघ जागेवर.
टेक्निशियन हेमांगी कुजबुजली, 'चला.'

शेवटच्या दिवशी मुलगा गाडी घेऊन उभा.
संध्याकाळी एरंडोलला वरात.
फुंकायची मनाई, म्हणून हे नुसते झांज घेऊन जाणार.
दारात वळून विचारलं,
'बरगडी वाचनी का?'
कुणी सांगितलं असेल यांना?
मी म्हटलं, 'बरीचशी.'
वर्षभराने कळेल. गाठीचंही तेव्हाच.

ते गेल्यावर पलंगाशी उभं राहून
मी स्वतःच दम धरून पाहिला.
अकरा सेकंद.

पुढची फाइल टेबलावर आहे.
यशोदाबाई कोळी, डाळमिल, डावं फुप्फुस, बावीस मिलिमीटर.
चार शब्द बोलल्या की धाप लागते.
हिला धरवणार नाही.
मी नवी पिशवी काढते, दहा चित्रं उघडते,
आणि आधी पहिलं पान वाचते.