खाणीचं तोंड

पगाराच्या वहीत माझं नाव नाही.
'तोंड क्रमांक तीन, बाई' एवढंच.
हिलारिया चोके लिहायला
काही फार शाई लागली नसती.

पोतोसीच्या डोंगरावर, खाणीच्या तोंडाशी
माझी दगडाची खोली:
एक खाट, दोन कुत्री, मुलगी यानेत,
आणि उशाशी त्यांची सुरुंगाची दारू,
कोरडी राहावी म्हणून.
संध्याकाळी पुरुष उतरून जातात.
मग डोंगर माझ्या ताब्यात.
म्हणजे डोंगराचं दार.

आत जायचं नाही.
बाईचं पाऊल पडलं की धातूची शीर आटते,
जस्त रुसतं, कथील खोल दडून बसतं,
असं डॉन एव्हारिस्तो सांगतात,
त्यांना त्यांच्या बापाने सांगितलेलं.
मी विचारलं, आटलेली कुणी पाहिली?
म्हणाले, तोंड फार चालतं तुझं.

मागच्या हिवाळ्यात ड्रिल चोरीला गेलं.
चौघे आले होते. आधी कुत्र्याला मारलं.
मी कांडी पेटवून फेकली, तिघे पळाले,
चौथाही पळाला, पण ड्रिल घेऊन.
चौदा महिने पगारातून कापलं.
कुत्र्याचे कुणी धरले नाहीत.

शनिवारी परदेशी पाहुणे येतात, त्यांत बायकाही.
पिवळी हेल्मेटं, भाड्याचे बूट.
हसत, वाकून आत शिरतात,
टिओच्या, त्या खालच्या अंधाराच्या मालकाच्या,
मातीच्या ओठांत सिगारेट खोचून फोटो काढतात,
तासाभराने माखून बाहेर.
शीर जागच्या जागी.
यानेत विचारते, आई, त्या बायका नाहीत?
मी म्हणते, त्यांनी तिकीट काढलंय गं.

जूनमधली एक रात्र.
बादलीतलं पाणी दगड झालेलं,
यानेतचा खोकला थांबेना.
तिला घोंगडीत गुंडाळलं, दिवा घेतला
आणि रुळांवरून चालू लागले.
साठाव्या पावलाला वारा थांबला.
शंभराव्याला मी शाल सैल केली.

आत ऊब होती.

एवढीशी गोष्ट.
अकरा वर्षं दाराशी काकडत होते मी,
आणि आत ऊब होती,
आणि ते सगळे रोज तिथूनच तर यायचे.

टिओ बसला होता, शिंगं वर, सिगारेट विझलेली.
रागावल्यासारखा दिसला नाही.
यानेत त्याच्या पायाशी झोपली, एकदाही खोकली नाही.
उरलेलं कुत्रं भुंकलं तेव्हा उठलो.
येताना मी झाडूने पावलं पुसली.

त्याच आठवड्यात जाड शीर लागली.
चांदीही निघाली म्हणे.
पुरुषांनी टिओला दारू पाजली, लामा कापला,
रक्त दाराच्या दोन्ही अंगांना शिंपडलं,
माझ्या भिंतीवरही उडालं थोडं.
डॉन एव्हारिस्तो म्हणाले, बघ,
नेम पाळले की डोंगर देतो.

मी काही बोलले नाही.
माझं कामच आहे
तोंड सांभाळायचं.