सोमवारचं काचघर

रविवारी रात्री प्रदर्शन संपलं.
राहिले फितीचे तुकडे, भेळेचे कागद,
आणि मुलांनी रंगवलेल्या कुंड्यांतली एक,
घरी न्यायची विसरलेली:
'अन्विता, दुसरी ब.'

सोमवारी बाबा आम्हाला आत नेतात
मागच्या दारानं, पाण्याचा पाइप ओलांडून.
आठवडाभर शिट्टी वाजवून त्यांनी
लोकांची पोरं शेवंतीपासून लांब ठेवली.
आज मला म्हणाले, लाव हात.

छताच्या जुन्या काचा
कुठे कुठे पत्र्यानं बुजवलेल्या,
म्हणून ऊन येतं ते ठिगळाठिगळांनी,
आईच्या पदरावर.
तिनं डबा उघडला,
तांदळाची भाकरी, सुकट.
ऑर्किडच्या शेजारी सुकटीचा वास!
भावाला हसू आवरेना.

पहिल्या बक्षिसाचा डेलिया
मान टाकून बसलाय.
परीक्षकांनी त्याला पट्टीनं मोजलं होतं.
बाबा काही बोलले नाहीत,
कुंडी फक्त सावलीत सरकवली.

निघताना अन्विताचं रोप
नळाखाली धरलं,
नाव भिजू न देता.
येईल की, म्हणाले. शाळा सुटल्यावर.

कोपरीच्या रिक्षात
खाडीचा वारा तोंडावर,
आणि माझ्या बोटांना अजून
शेवंतीचा कडू वास.