समायोजन

मुख्य कचेरीनं मला कोत्काला धाडलं,
इर्मेलीला नवी प्रणाली शिकवायला.
कागद गिरणीची जनसंपर्क अधिकारी, चौतीस वर्षं.
टेबलावर काळी कॉफी, खारवलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या
आणि एक फॅक्स मशीन,
ज्यावर आता कुंडी.

"हे आलं तेव्हाही एक पोरगा आला होता शिकवायला.
टाय लावून. घामेजलेला."
मी माझी बिनटायची मान चाचपली.

तपशील भरला:
चार नंबरचं मशीन बंद. मार्चअखेर.
सूर निवडायला सरकपट्टी होती,
कोरडा, आपुलकीचा, खेदाचा.
खेद मी जरा पुढे सरकवला.
नऊ सेकंद.
मसुदा आला,
फिनिशच्या पंधरा विभक्तींपैकी एकही न चुकवता.

ती वाचू लागली, ओळीखालून बोट फिरवत,
पहिलीतली पोरं वाचतात तसं.
मग बोट थांबलं.
समायोजन.
"हा शब्द माझा," ती म्हणाली.
"पहिल्याच हिवाळ्यात, मंदीत, रात्री अडीचला सापडला.
'काढून टाकलं' म्हणायचं नव्हतं ना.
साहेबांनी पाठ थोपटली होती.
केवढी खूश होते मी!"

मी खुलासा केला: प्रणालीला आधी
तिचीच पत्रकं खाऊ घातलीत, तीन हजारांवर.
म्हणजे ती इर्मेलीइतकंच सभ्य बोलणार,
तितक्याच सफाईनं बगल देणार.
(हे शेवटचं मी बोललो नाही.)

बंदरात बर्फफोडी बोट भोंगा देत होती.
तिनं शब्द खोडला, सावकाश टाइप केलं:
एकशे बारा माणसं.
लाल रेघ उमटली.
सूर कठोर वाटतो. बदलायचा?

"पूर्वी तोर्स्तीला फोन करायचे, इथल्या पेपरात.
तो आधी शिव्या घालायचा, मग छापायचा.
आता तिकडेही यंत्रच वाचतं म्हणे?"
"हो. तीन ओळींत सारांश काढतं."
"त्या तीन ओळींत माणसं उरतील?"
ठाऊक नव्हतं.
प्रशिक्षणात तो भागच नव्हता.

तिनं 'नाही'वर बोट टेकवलं
आणि गोळ्यांची डबी माझ्यापुढे केली.

त्या एकशे बारांत ती होती का,
मी विचारलं नाही.
लहानपणापासून खातोय ही गोळी,
त्या दिवशी फारच खारट लागली.
तिच्यासमोर थुंकताही येईना.