दोन्ही डाव्या

पार्सल उघडलं तेव्हा दुपारचे तीन,
कंपूत चव्वेचाळीस अंश,
आणि निरंजनची पिवळी दोनदारी गाडी
कडुलिंबाखाली असूनही हात लावू देईना.
गुडगावहून आलेली, तिसऱ्या हाताची.
इतकी बुटकी की गतिरोधक दिसला
की तो मला आधी उतरवतो,
मग पोट घासत पलीकडे नेतो,
आणि मी रस्ता ओलांडल्यासारखा चालत जाऊन पुन्हा बसतो.

खोक्यात मागच्या तिरप्या काचांसाठी
काळ्या पट्ट्यांच्या दोन चौकटी,
प्रत्येकीत पाच, एकीवर एक कललेल्या.
"लुव्हर," तो म्हणाला.
आम्ही झिलमिली म्हणायचो.
पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
पोरांकडून करवून घेतल्या, सागवानी,
कोन पंचेचाळीस, गुण दहा;
कोन चुकला की पट्टी मोडून हातात.

"कशाला पण?"
"दिसायला भारी."
बरं.

स्पिरिटनं काच पुसली.
ऋजुता हेअर ड्रायर घेऊन आली,
टेप गरम करावी लागते असं तिनं वाचलं होतं.
मी नुसतं वर बघितलं. ती ड्रायर परत घेऊन गेली.
आधी कोरडीच लावून बघ, म्हटलं,
खडूनं कडा आख,
मग तो लाल कागद सोल,
वरच्या कोपऱ्यापासून, एका दमात नाही.
अंगठा दाबून तीस आकडे मोज.
त्यानं मोजले. ओठ हलत होते,
पाढे म्हणताना हलायचे तसे.

डावी बसली. केसाचीही फट नाही.
तोमरसाहेब फाटकातून म्हणाले,
"भैया, ये तो मछली के गलफड़े लगवा लिए."
मला आवडलं ते. कल्ले.
गाडी आता श्वास घेईल.

मग उजवी.
फिरवून बघितली. उलटी धरली,
तर पट्ट्या आभाळाकडे तोंड वासून,
पावसाळ्यात पाच पन्हळी.
पालथी केली, तर टेप बाहेरच्या अंगाला.
अर्धा तास आम्ही दोघं
एकमेकांच्या हातातून ती ओढून घेत होतो,
जणू दुसऱ्याच्या हातात ती उजवी होणार होती.
शेवटी ऋजुतानं खोक्यातला कागद वाचला.
दोन्ही डाव्या.

कंपनी म्हणाली, फोटो पाठवा, एकवीस दिवस.
निरंजन पायरीवर बसला,
नखात अडकलेला गोंद काढत.
मी काही बोललो नाही.
गुण दिले असते, पण त्यानं मागितले नाहीत.

रविवारी पहाटे दतियाला निघालो.
मार्चात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला,
तेव्हापासून ऊन सुईसारखं येतं.
मागची सीट पिशवीपुरती; पिशवी मांडीवर,
मी डावीकडे, गुडघे हनुवटीशी.
मागच्या खेपेला काचेवर रुमाल धरून बसलो होतो,
डबऱ्यापर्यंत, हात भरून येईपर्यंत.
आरशात कुणी बघत असेल असं वाटलं नव्हतं.

जाताना दक्षिणेकडे तोंड, सूर्य डावीकडे.
संध्याकाळी परतताना उत्तरेकडे तोंड,
सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडे.
हे मला सिंधच्या पुलावर लक्षात आलं
आणि मी एकटाच हसलो.
"काय झालं बाबा?"
"काही नाही. गाडी चालव."

धोतरावर उन्हाच्या बारीक रेघा,
रस्ता वळला की वळायच्या,
ट्रक आला की पुसल्या जायच्या.
कोन बघत होतो मी.
पंचेचाळीस नव्हता. चाळीसच असेल.
चालेल.

उरलेली डावी न्हाणीघराच्या झरोक्याला बसवली.
थोडी लहान पडली, खाली बोटभर उजेड येतो.
एकवीस दिवस होऊन गेले.
फोटो अजून पाठवायचाच आहे, तो म्हणतो.