पदरात पाच नट

ढकांब्याच्या पुढे जीप डावीकडे ओढू लागली.
मागचं चाकांवरचं घर, अण्णांनी रिटायर झाल्यावर
सातपूरच्या शेडमध्ये स्वतः जोडलेलं,
एका अंगावर बसलं होतं.

मी जॅक काढला. म्हणाले, "थांब.
आधी आईला उतरव."
आतून: "दूध ठेवलंय!"
"गॅस बंद कर, मंदाकिनी."
चक्क नावानं हाक, म्हणून ती उतरली.

मग उजव्या चाकाला पुढून-मागून दगड.
मग नट अर्धा आटा सैल,
चाक जमिनीवर आहे तोवरच.
मग जॅक. पत्र्याला नाही, आसाखाली.
पस्तीस वर्षं लेथवर राहिलेला हात
पान्यावर थरथरत होता.
मी न पाहिल्यासारखं केलं.

द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो
इतका खेटून गेला की
घरातली भांडी बोलली.
आई लांब, बांधावर,
पदरात पाच नट घेऊन,
पूजेच्या सुपाऱ्या मोजाव्यात तशी.

"एक सोडून एक आवळ. ओळीनं नको."

वणीच्या अलीकडे पुन्हा थांबवलं.
या वेळी पाना माझ्याकडे दिला.
चार नट गप्प.
पाचवा पाव आटा फिरला.

"बघ," एवढंच म्हणाले,
आणि चहा मागितला.
कोरा मिळाला.